पसाभर गहू आणि दोन तान्ही लेकरे : रावेरीच्या सीतेची कथा (थ्रेड)

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे आणि त्या मंदिरात सीता एकटी आहे. शेजारी राम नाही. सीतेची अशी स्वतंत्र मंदिरे देशात फारच थोडी आढळतात. मंदिराला हेमाडपंती म्हटले जाते. (विदर्भात चुन्यावाचून रचलेले जवळजवळ प्रत्येक जुने देऊळ हेमाडपंती ठरते, त्यामुळे केवळ या शब्दावरून कालनिश्चिती करण्याची घाई करू नये.)

हा थ्रेड मात्र वास्तूविषयी नाही. तो गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कथेविषयी आहे. जुळ्या लेकरांना अंगावर पाजणाऱ्या आईच्या पोटात काय जाते, आणि ते कोण देते, हा त्या कथेचा विषय आहे.

कथा अशी. गर्भवती सीतेला लक्ष्मणाने याच रानात सोडले. येथेच ती बाळंत झाली आणि लव-कुश जन्मले. दोन तान्ही लेकरे अंगावर पिणारी, स्वतःच्या पोटात अन्न नाही, अशा अवस्थेत ती ओली बाळंतीण गावात आली आणि तिने पसाभर गहू मागितले. गावाने दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला की या गावाच्या शिवारात गहू उगवणार नाही. पुढे कैक पिढ्या रावेरीत गहू पिकत नसे आणि अलीकडे नव्या संकरित वाणांचा गहू पिकू लागला, असे गावकरी सांगतात.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातील आश्रम गंगेच्या परिसरात आहे, यवतमाळात नाही. लव-कुशांची जन्मभूमी म्हणून भारतात अनेक ठिकाणे दाखवली जातात आणि रावेरी त्यांपैकी एक. ‘हे खरोखर येथेच घडले का’ हा प्रश्न घेऊन बसलो तर हाती काही लागणार नाही. ‘या गावाने ही कथा या रूपात का जपली’ हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आता उत्तरकांड काय सांगते ते पाहू. श्रावणातील एका रात्री सीता प्रसूत होते. योगायोगाने शत्रुघ्न त्या रात्री आश्रमात मुक्कामाला असतो. वाल्मीकी दर्भाने रक्षाविधी सांगतात. दर्भाच्या अग्रभागावरून एकाचे नाव कुश, खालच्या भागावरून दुसऱ्याचे नाव लव. त्यानंतर बारा वर्षांनी शत्रुघ्न परत येतो तेव्हा त्याच्या कानी रामचरिताचे गायन पडते. मधली बारा वर्षे काव्यात जवळपास नाहीतच. दोन अर्भके कोणी जोजवली, रात्री दोन्ही एकदम रडली तेव्हा काय केले, आईने काय खाल्ले, यांविषयी महाकवीला काही सांगायचे नाही.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात तर जुळेच नाहीत. तेथे सीतेला लव हा एकच मुलगा होतो. एकदा ती त्याला बरोबर घेऊन स्नानाला जाते. बाळ हरवले असे समजून वाल्मीकी कुशगवतापासून दुसरे बाळ निर्माण करतात. दुसऱ्या लेकराचा जन्म ऋषीच्या तपोबलावर आला आणि आईच्या शरीरावरचा भार हलका झाला! रावेरीच्या कथेने ही सवलत घेतलेली नाही. तिची लेकरे दोन आहेत आणि दोघांनाही पान्हा हवा आहे.

एक आई दोन बाळांना पुरेसे दूध देऊ शकते का? होय. दुधाची निर्मिती मागणीप्रमाणे चालते; स्तन जितके वारंवार रिकामे होतील तितके दूध अधिक तयार होते. १९८६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जुळ्यांना पाजणाऱ्या आठ मातांच्या दुधाचे मोजमाप प्रसिद्ध झाले. सहाव्या महिन्यात त्यांचे दिवसाचे दूध ०.८४ ते २.१६ किलो इतके भरले. एकाच बाळाच्या आईचे दूध साधारण पाऊण लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. अडचण असते ती सुरुवातीच्या आठवड्यांत. जुळी बाळे बहुधा दिवस भरण्याआधी आणि कमी वजनाची जन्मतात. त्यांचे ओढणे अशक्त असते आणि ओढ कमी म्हणून दूधही कमी, असे चक्र सुरू होऊ शकते.

पण हे दूध येते कोठून? आईच्या अन्नातून, आणि अन्न अपुरे पडले की तिच्या अंगातून. अर्धपोटी आईचेही दूध लगेच आटत नाही; ते टिकवण्यासाठी तिचे शरीर स्वतःचा साठा खर्च करीत राहते. बाळ बाळसे धरते आणि आई वाळत जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज ६०० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते, आणि हा हिशेब एका बाळाचा. गव्हात मोजायचे तर सुमारे १७५ ग्रॅम. दोन बाळांना पूर्ण अंगावर पाजायचे तर याच्या जवळपास दुप्पट. इतके गहू एका पशात मावत नाहीत. म्हणजे कथेतील सीतेने गरजेहून पुष्कळ कमी मागितले होते.

गहूच का, हा प्रश्न मला अधिक रोचक वाटतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, दूध आटण्याची कारणे दिली आहेत : क्रोध, शोक, वात्सल्याचा अभाव. त्यावरचा उपाय सांगताना ग्रंथकार आधी स्त्रीचे मन प्रसन्न करण्यास सांगतो आणि मग आहाराची यादी देतो. यादीच्या आरंभीच जव आणि गहू आहेत. पुढे साळीचा व साठीचा भात, मांसरस, लसूण, मासे, शिंगाडे, विदारीकंद, शतावरी इत्यादी येतात. रावेरीच्या कथाकारांनी सुश्रुत वाचला होता असे मी मुळीच म्हणत नाही. तरीही शोकाकुल, परित्यक्त, भुकेली सीता गावाच्या दारात उभी राहते तेव्हा ग्रंथातील कारण आणि उपाय दोन्ही त्या प्रसंगात हजर असतात.

दुसरे कारण शेताशी निगडित आहे. वऱ्हाडात रोजची भाकर ज्वारीची. गव्हाची पोळी सणावाराची किंवा बऱ्या परिस्थितीच्या घरची. गहू हे रब्बीचे पीक. त्याला काळ्या जमिनीतला ओलावा किंवा विहिरीचे पाणी लागते. यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणत. त्या काळातही येथील शिवाराची ओळख कापूस आणि ज्वारी हीच होती. ज्या शिवारात गहू नीट येत नाही, त्याला कारण हवे असते. ते कारण गावाने जमिनीत किंवा पावसात न शोधता स्वतःच्या वर्तनात शोधले. आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीला नकार दिला, असे एखादे गाव स्वतःविषयीच पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहते, हे मला विलक्षण वाटते. गावोगावच्या दंतकथा बहुधा गावाचा मोठेपणा सांगतात.

तुलनेसाठी एक परिचित उदाहरण घेऊ. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती खालावलेली असल्याने कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजले. राजघराण्याला दूधआई मिळू शकत होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही धात्री कशी निवडावी याचे तपशील आहेत. ते अर्थातच निवड करू शकणाऱ्या घरांसाठी लिहिलेले. रावेरीची सीता जन्माने राजकन्या, विवाहाने महाराणी. पण बाळंतपणात तिच्याकडे ना धात्री, ना धान्य, ना स्वतःच्या नावावर जमिनीचा तुकडा.

या शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवले शरद जोशी यांनी. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यानंतर काही वर्षांतच संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावावर करावा. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे या मोहिमेतील आरंभीच्या गावांपैकी एक. सभांमधून जोशी सीतेचा दाखला देत. प्रत्यक्ष रामाच्या पत्नीला घराबाहेर काढले जाऊ शकते, तर बाकीच्यांचा काय भरवसा, असा त्यांच्या मांडणीचा आशय असे. पुढे रावेरीच्या जीर्ण मंदिराचा उद्धारही त्यांच्याच पुढाकाराने झाला. शेतमालाच्या भावाचा हिशेब मांडणारा हा नेता एका देवळासाठी झटला, याचे कारण भाविकतेत शोधू नये. त्याला त्या कथेत सात-बारा दिसला होता.

कथा याच जिल्ह्याची आहे हेही विसरता येत नाही. यवतमाळच्याच झरी-जामणी भागात कोलाम समाजातील कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. बाहेरून आलेले पुरुष फसवून निघून जातात आणि मुली तान्ही बाळे घेऊन मागे उरतात. त्यांना रामायणाची उपमा देण्याची गरज नाही. त्यांचे प्रश्न रेशनचे, मजुरीचे आणि कागदपत्रांचे आहेत.

गावाने नाकारलेला पसा कायद्याने आज हक्क म्हणून मान्य केला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने स्तनदा मातेला विनामूल्य आहार देणे बंधनकारक केले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. तीत अंगणवाडीमार्फत दिवसातून एक वेळ गरम, चौरस जेवण मिळते. राळेगाव तालुक्यातील काही गावेही अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत या आहाराचे प्रमाण नमूद होते : ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. हे प्रमाण दर मातेमागे ठरते. अंगावर पिणारी बाळे एक की दोन, हे त्या तक्त्यात विचारलेले नाही.