फाटक, आय-बस, मेट्रो : इंदूरचा पायी चालणारा

इंदूरच्या रेल्वेचा इतिहास आपण नेहमी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्यापासून सांगतो. खंडवा-इंदूर मार्गासाठी त्यांनी 1870 साली एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के. नर्मदा ओलांडून, पातालपानी-कालाकुंडचा 40 ला 1 चढाचा घाट चढून मीटरगेजची गाडी शहरात आली. पण पटरी पायी ओलांडणाऱ्याचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही.

फाटक मुळात वाहनांसाठी. आडवा दांडा टांगा थांबवतो, माणूस वाकून खालून निघतो. रेल्वे कायदा 1989, कलम 147 नुसार परवानगीशिवाय रुळांवर शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात शिक्षा आहे. जवळची सुरक्षित वाट नसेल तर लोक तिथूनच जाणार.

हलक्या रेल्वेचा, म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीचा, सगळ्यात जवळचा अनुभव इंदूरला 2013 मध्ये बीआरटीएसने दिला. एबी रोडवर सुमारे साडेअकरा किलोमीटर, मधोमध रेलिंगची मार्गिका, आय-बसचा स्टॉपही मधेच. म्हणजे प्रत्येक प्रवासी आधी पादचारी.

आता साधं गणित. दोन्ही दिशांच्या मार्गिका मिळून आठेक मीटर धरा. सेकंदाला 1.2 मीटर चालीने सात सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 40 किलोमीटरने येणारी बस 75 मीटरहून जास्त पुढे येते. त्यातून खरा धोका दुसऱ्या गाडीचा. एक गेली की माणूस पाऊल टाकतो, उलट दिशेची तिच्याआड असते. म्हणून परदेशी हलक्या रेल्वेच्या मार्गांवर काही ठिकाणी पादचाऱ्यांची वाट रेलिंग लावून नागमोडी करतात. वळताना माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाडीकडे होतं. शिट्टी आणि पाटीपेक्षा हा उपाय भारी, कारण तो माणसाच्या सावधपणावर विसंबत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटीएस हटवायला सांगितलं. त्याच वर्षी 31 मेला मेट्रो सुरू झाली, सुमारे सहा किलोमीटर, पाच स्थानकं. ती खांबांवरून धावते. रुळांलगतच्या तिसऱ्या पटरीतून 750 व्होल्ट वाहतात, तिथे पायी ओलांडणं शक्यच नाही. रुळांवरचा प्रश्न सुटला. पण जिना उतरला की खाली रस्ता आहेच, आणि तो आजही पायीच ओलांडायचा आहे.

दीडशे वर्षांत इंदूरने गाडीला तीनदा नवी वाट करून दिली. चालणाऱ्याची वाट मात्र दरवेळी नकाशात शेवटी आखली गेली. पुढचे टप्पे बांधताना ती आधी आखावी, एवढंच म्हणणं.