फडाचा इतिहास कुठे शोधावा?

ग्रंथालयाच्या सूचीत किंवा वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत 'वाशी' हे नाव शोधू लागले की हाती लागते ती खाडीकाठची, नवी मुंबईतील वाशी. बालाघाटाच्या रांगांत, भूम आणि कळंब यांच्या शेजारी वसलेली धाराशिव जिल्ह्यातील वाशी त्या गर्दीत सहसा सापडत नाही. या परिसरातील कुस्तीच्या फडांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली झटापट अशी गावाच्या नावाशीच होते. मग लक्षात येते की अडचण एका नावापुरती नाही. ज्या साधनांच्या आधारे आपण इतिहास लिहितो, ती साधने फडाच्या वाट्याला फारशी आलेलीच नाहीत.

मराठीत 'फड' हा शब्द तमाशालाही आहे आणि कुस्तीलाही. दोन्ही जत्रेच्या आश्रयाने वाढले आणि दोन्हींत कलावंताला बिदागी मिळे. तमाशाच्या वाट्याला उशिरा का होईना, अभ्यासक आले. कारण त्याच्यापाशी शब्द होते, वग होते, लावण्या होत्या. कुस्तीपाशी शब्द नाहीत. हलगी थांबली, माती सारखी केली, की संहिता संपली. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटतो तो यामुळेच, आणि नेमका याच कारणाने तो त्याने हाती घ्यावा असे मला वाटते. जे लिहिले गेले नाही त्याचे वाचन कसे करावे, हा प्रश्न शेवटी आपलाच आहे.

वास्तविक या भूमीत कुस्तीविषयीचे लेखन फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, त्यांची मेहनत यांची चर्चा तेथे येते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. पुढे विसाव्या शतकात द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. परंतु दोन्ही ग्रंथांचा रोख शास्त्राकडे आहे. मल्ल कसा असावा हे ते सांगतात. अमुक जत्रेत अमुक मल्ल का हरला, त्याला परतीच्या भाड्याइतके तरी पैसे मिळाले का, हे सांगणे त्यांचे काम नव्हते.

ते सांगू शकले असते असे कागद तीन प्रकारचे: यात्रा समितीच्या जमाखर्चाच्या वह्या, कुस्त्यांची हस्तपत्रके आणि सरकारी परवान्यांची दप्तरे. यांपैकी तिसऱ्याची कथा मराठवाड्यात वेगळी आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत होता आणि वर्षे फसली सनात मोजली जात. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी जुन्या राज्याच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. म्हणजे धाराशिवच्या मल्लाचा माग काढणाऱ्याला उर्दू यावी लागते आणि तेलंगणाच्या राजधानीचा प्रवास करावा लागतो. कोल्हापूरच्या अभ्यासकापुढे हा प्रश्न नाही. तेथे शाहू महाराजांसारखा आश्रयदाता होता, 1912 साली उभे राहिलेले खासबाग मैदान आजही जागेवर आहे. दगडी बांधकाम स्वतःच साक्ष देते. आमच्याकडचे मैदान म्हणजे जत्रेपुरते नांगरलेले, दगड वेचलेले रान; पुढच्या पावसाळ्यात त्यावर ज्वारी उभी.

राहता राहिली हस्तपत्रके आणि वह्या. हस्तपत्रक हा मोठा बोलका कागद आहे, पण तो वाचण्याची रीत शिकावी लागते. वर दैवताचे नाव, खाली इनामाच्या उतरत्या क्रमाने जोड्या. सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती पत्रकात पहिली आणि आखाड्यात शेवटची. रेवड्यांवर खेळणारी पोरे पत्रकात नसतातच. ती ऐन वेळी वस्तादांनी जोड लावून सोडलेली असतात. शिवाय पत्रक फडाच्या आधी छापलेले असते. ते काय ठरले होते हे सांगते, काय झाले ते सांगत नाही. निकाल वहीत शोधावा, तर तेथे दिलेली रक्कम भेटते. रक्कम निम्मी निम्मी वाटलेली दिसली तर कुस्ती बरोबरीत सुटली असावी, असा तर्क करायचा. इतिहासकार येथे जमाखर्चावरून लढत वाचतो.

पत्रकातील आणखी एक गोष्ट मराठवाड्याला विशेष जाचक आहे. मल्लाच्या नावापुढे बहुधा त्याची तालीम येते, गाव नव्हे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरात घडले, 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पुण्यात वस्ताद म्हणून नावाजले. त्यांच्या हाताखाली घडलेला राहुल आवारे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा, म्हणजे वाशीच्या शेजारच्याच मुलखातला. 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवताना तोही पुण्याच्या तालमीचा मल्ल म्हणूनच ओळखला गेला. दुष्काळी मुलखाने मल्ल द्यावेत आणि खुराक देणाऱ्या शहरांनी त्यांची नावे घ्यावीत, असा हा व्यवहार आहे. त्यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. वस्तादाचे ऋण खरेच असते. पण केवळ पत्रकांवर विसंबून लिहिलेल्या इतिहासात मराठवाडा रिकामा दिसेल, आणि ते रिकामेपण खरे नसेल.

आता या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळतो. तिकीट लावून कुस्ती होऊ लागली की संशय येतो. मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींनी मैदाने भरली. 1968 साली दारा सिंगांनी लू थेझला मुंबईतच हरवले. यातले किती 'ठरवून' होते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. तथापि संशय हेही एक साधन आहे आणि ते जपून वापरावे लागते. हमीदा बानूचे उदाहरण घ्या. 1954 साली बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत हरवले. पुण्यात तिची पुरुषाशी ठरलेली कुस्ती स्थानिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षक खवळले. बंदीविरुद्ध तिने तक्रार केली तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी उत्तर दिले, की बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यापुढे नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. रोनोजय सेन यांनी 'नेशन ॲट प्ले' या 2015 सालच्या ग्रंथात हा पत्रव्यवहार उजेडात आणला आहे. या कागदावरून तिच्या कुस्त्या खोट्या होत्या हे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते, की तिचा विजय पचवण्यासाठी 'खोटी कुस्ती' हा आरोप हाताशी होता. पुरुषांच्या ठरवलेल्या कुस्त्यांवरून तेवढ्या तत्परतेने बंद्या आल्या का, हे विचारल्याशिवाय तो कागद पुरता वाचला असे म्हणता येणार नाही.

हे सारे जुन्या काळापुरते आहे अशी समजूत कुणी करून घेऊ नये. महाराष्ट्र केसरी ही 1961 साली सुरू झालेली स्पर्धा. तिची नोंद तरी निःसंदिग्ध असावी. परंतु नोव्हेंबर 2023 मध्ये, संघटनांच्या वादातून, ती एकाच महिन्यात दोनदा झाली. पुणे जिल्ह्यातील फुलगावात सिकंदर शेख विजयी झाला, तर धाराशिवात शिवराज राक्षे. आणखी पन्नास वर्षांनी 'त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी कोण' असे कुणी विचारले तर एका नावाने उत्तर देता येणार नाही. स्पर्धा भरवण्याचा अधिकार कुणाचा, हे आधी सांगावे लागेल. कुस्तीच्या इतिहासात मल्ल दिसतात. पण जोड ठरवणारा, इनाम जमवणारा आणि पंच नेमणारा जो कुणी असतो, तो समजल्यावाचून मल्लही समजत नाहीत.

मराठवाड्यातील आपल्या विद्यार्थ्यांना एक काम सहज सांगता येईल. गावच्या यात्रेचे जे पत्रक घरात पंचांगाच्या पानांत किंवा देवघराच्या फळीवर पडलेले असेल, ते उचलावे आणि गावातल्या जाणत्यासमोर ठेवावे. प्रत्येक जोडीपुढे काय झाले, हे त्याच्याकडून विचारून पेन्सिलीने लिहावे. त्याला आठवत नसेल तेथे जागा कोरी सोडावी. छापलेल्या नावांच्या शेजारची ती पेन्सिलीची अक्षरे, आणि त्या कोऱ्या जागाही, या मुलखातील फडाच्या इतिहासाचे पहिले साधन ठरतील.