जुनाट कंबरदुखी : गोळ्या कशा घ्याव्यात, हालचाल किती करावी?

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल तर तिला जुनाट कंबरदुखी म्हणतात. असे रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात : एमआरआयची मोठी फिल्म आणि अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. घरचे लोक फिल्म आधी पुढे करतात. मी स्ट्रिप्स आधी बघते.

रिपोर्टमधले 'डिस्क बल्ज', 'डीजनरेशन' हे शब्द वाचून माणसं फार घाबरतात. पण ज्यांची कंबर दुखत नाही अशा पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी निम्म्याहून अधिक जणांत डिस्क थोडी फुगलेली दिसते. वयाबरोबर केस पांढरे होतात, तसंच हे. गोळ्यांचं तसं नाही. त्या चुकीच्या घेतल्या तर खरंच नुकसान होतं.

वेदनाशामक गोळ्या

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच गटातली औषधं आहेत. नावं वेगळी म्हणून सकाळी एक आणि रात्री दुसरी असं अनेकजण घेतात. त्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. दुखणं वाढलेल्या दिवसांत, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, जेवणानंतर, असा त्यांचा वापर असावा. रोजची सवय म्हणून नको.

या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, हृदयरोग असलेल्यांना धोका वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. "पण मी गॅसची गोळी बरोबर घेतो ना," असं हमखास ऐकायला मिळतं. पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल जठराचं रक्षण करतं, मूत्रपिंडाचं नाही.

माझ्याकडे सत्तरीचे एक आजोबा होते. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. कंबरेसाठी मेडिकलमधून रोज एक गोळी आणायचे, ती चिठ्ठीवर नसल्याने मला माहीतच नव्हती. मीही विचारलं नव्हतं. दोन दिवस जुलाब झाले, लघवी कमी झाली आणि क्रिएटिनिन तिपटीवर गेलं. वेदनाशामक बंद करून सलाईन दिल्यावर ते उतरलं, पण पूर्वीइतकं नाही. बीपीची अशी औषधं, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र, त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं, ही जोडी मूत्रपिंडासाठी वाईट. म्हणून रोज लागणाऱ्या सगळ्या गोळ्या, 'साध्या' वाटणाऱ्यासुद्धा, डॉक्टरांना दाखवा. पाठीसाठीची गोळी वरचेवर लागत असेल तर क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या.

पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित आहे, पण जुनाट कंबरदुखीत त्याचा उपयोग मर्यादितच होतो. अनेक जोडगोळ्यांत ते आधीच असतं, त्यामुळे नकळत डोस वाढतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. वृद्ध, कमी वजनाचे, यकृताचा आजार असलेले किंवा रोज दारू घेणारे यांच्यासाठी ती बरीच खाली असते.

कंबरेतून पायात कळ जात असेल तर कधी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन दिलं जातं. सगळ्यांना गुण येत नाही. गुंगी आणि चक्कर मात्र येऊ शकते, आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडला तर मूळ दुखणं परवडलं असं वाटेल. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठता होते, सवयही लागते. ही औषधं बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

आणि बिननावाच्या पुड्या. दोन दिवसांत 'जादू' झाली तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच महिने घेतल्या असतील तर त्याही मनाने एकदम थांबवू नका, न लाजता सांगा. आम्ही रागावत नाही. निदान रागावू नये.

हालचाल कमी झाली असेल तर

दुखणं फार असेल तेव्हा एखादा-दोन दिवस पडून राहणं ठीक. त्यापुढे अंथरुण स्नायू कमकुवत करतं आणि पुन्हा उठणं अवघड होतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची, माळा आवरायचा, आणि मग तीन दिवस झोपून काढायचे. त्याऐवजी घड्याळ बघून चाला. वाईट दिवशीही जमेल इतकंच ठरवा, समजा पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, घरातल्या घरात. बऱ्या दिवशीही तेवढंच. आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. थोडं दुखलं म्हणजे आत काही फाटतंय असं नसतं. फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन व्यायाम नीट शिकून घ्या.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसा. खाली बसणं जमत नसेल तर कमोडची खुर्ची आणा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. कमरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका.

घरच्यांना एक विनंती : प्रत्येक वेळी "तुम्ही बसा, मी आणतो" म्हणू नका. भाजी निवडणं, पाण्याचा ग्लास स्वतः घेणं, हाही व्यायामच आहे. झोप उडाली असेल, माणूस गप्प राहू लागला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मन खचलं की दुखणं जास्त जाणवतं, आणि त्यावर उपचार आहेत.

कधी थांबायचं नाही

ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर किंवा क्षयरोग झालेला असणं, पडल्यानंतर अचानक सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर लवकर तपासून घ्या. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही दिसतो. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर वेदनाशामक गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर सरळ मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.