श्वानाचा कणा आणि शस्त्रवैद्य

माझ्या बालपणीं सोलापुरांत आमच्या गल्लीचा कुत्रा बैलगाडीच्या चाकाखालीं सांपडला. मागचे पाय लुळे पडले. "कणा मोडला, आतां काय उरलें?" असें म्हणून वडीलधाऱ्यांनीं त्याला चारी पाय धरून उचललें व माळावर ठेविलें.

पिढ्यान्‌पिढ्या हाच निकाल लागत आला. मुंबईस परळला १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. त्याचे पहिले प्राचार्य स्टील यांनीं १८८८ मध्यें श्वानरोगांवर ग्रंथही लिहिला. परंतु जिवंत प्राण्याचा कणा डोळ्यांस दिसावा कसा? क्ष-किरण सांपडले ते १८९५ मध्यें. पुढल्याच वर्षीं डेक्सलर यांनीं लुळ्या कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर दाब देणारा गोळा वर्णिला. पण तो त्यांना कूर्चेची वाढ वाटला. वस्तुतः मणक्यांमधील झिजलेली चकती फुटून बाहेर येते, हें स्टॉकहोमच्या हॅन्सेन यांनीं १९५२ मध्यें उलगडून दाखविलें. आज पाठींत मणक्याची कमान काढून, तर मानेंत गळ्याच्या बाजूनें शिरून व मणक्यांत खांच पाडून तो दाब दूर करतात. मोडलेले मणके पट्ट्या व स्क्रू लावून जखडतात.

सुरी हातीं घेण्यापूर्वीं वैद्य लुळ्या पायाचें बोट चिमट्यानें दाबतो. पाय आखडला एवढ्यानें भागत नाहीं. तें मज्जारज्जू आपोआप करतो. कुत्रा वळून पाहील वा कण्हेल, तर वेदना मेंदूपर्यंत पोंचली. मग आशा धरावी.

आमच्या कुत्र्याचें बोट कोणीं दाबलें नाहीं. फळीवर सरळ निजवून न्यावें, हेंही कोणास सुचलें नाहीं. सायंकाळीं मी भाकरी घेऊन गेलों, तेव्हां मला पाहून त्यानें शेपूट हालविलें होतें.