जिल्हई, रोगण आणि निगा : सातारा-सांगलीकडील वाहनसंगोपनाच्या परिभाषेचा इतिहास

१

मोटारीचा रंग आणि आतील कातडी बैठका ह्यांची निगा राखण्याचे काम आज साताऱ्यात, कराडात, सांगलीत व मिरजेत ‘डीटेलिंग’ ह्या नावाने चालते. दुकानांच्या पाट्यांवरील परिभाषा पाहावी तर ती पॉलिश, वॅक्स, कोटिंग, कंडिशनर अशी सर्वस्वी इंग्रजी. त्यावरून ही विद्याच मोटारीबरोबर विलायतेतून आली, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

नाव आणि विद्या ह्यांची पाळेमुळे एकाच भूमीत असतात असे नाही. नाव बाहेरून येते आणि कृती जुनीच राहते. उलटपक्षी नाव जुनेच राहते आणि त्याखालची कृती पार बदलते. म्हणून येथे शब्द हा साक्षीदार मानला आहे, न्यायाधीश नव्हे. शब्दाने दिलेली साक्ष प्रत्येक ठिकाणी कृतीशी ताडून पाहावी लागेल. वाहनाच्या निगेत मुख्य क्रिया तीन : पृष्ठभाग घासून उजळ करणे, त्यावर संरक्षक थर देणे आणि कातडे मऊ व टिकाऊ ठेवणे. ह्या तिन्ही क्रियांचा येथे क्रमाने विचार करू.

२

पहिल्या क्रियेस मराठीत जुना शब्द आहे तो ‘जिल्हई’. हा मूळ अरबी, फारसीच्या द्वारे मराठीत आलेला. त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द ‘शिकल’. अरबी ‘सैकल’ म्हणजे शस्त्र घासून उजळविणे. त्यास कर्तृवाचक फारसी प्रत्यय लागून ‘शिकलगार’ हे व्यवसायनाम सिद्ध झाले. सातारा-सांगलीकडे आज ते आडनाव म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. पण त्या आडनावाचा अर्थ ‘जिल्हई देणारा’ असा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शिकलगाराच्या कामाचे तत्त्व असे की ओरखडा बुजवावयाचा नसतो. त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत उतरवावयाचा असतो. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक घर्षकाने घासत गेले म्हणजे प्रत्येक पायरीचे ओरखडे पुढची पायरी पुसून टाकते. मोटारीच्या रंगावर यंत्राने पॉलिश करणारा कारागीर नेमके हेच करतो. फरक मर्यादेचा आहे. तलवारीचे पाते घासण्यास वाव मोठा. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थर मात्र बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. प्रत्येक पॉलिश त्यातला काही अंश कायमचा नेते. तेव्हा वारंवार पॉलिश करणे ही निगा नसून झीज होय, ही गोष्ट मालकाने समजून घेण्यासारखी आहे.

ह्या कामातील घर्षकाच्या नावाचा प्रवासही उद्बोधक आहे. मराठीतील ‘कुरुंद’ हा संस्कृत ‘कुरुविंद’ आणि तमिळ ‘कुरुंदम्’ ह्यांच्या कुळातला. ह्याच कुळातील दाक्षिणात्य रूपावरून इंग्रजीने ‘कोरंडम’ हे खनिजनाम घेतले. त्याचे रासायनिक स्वरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. आणि आजच्या अनेक मोटार-पॉलिशांतील घर्षक द्रव्य तेच आहे. डबीवरचे नाव परके असले, तरी आतील द्रव्याशी दक्षिण हिंदुस्थानची ओळख जुनी आहे.

शस्त्रांची मागणी ओसरल्यावर शिकलगारांच्या हाताचे काय झाले, ह्याचे उत्तर मिरजेत मिळते. तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब ह्यांनी १९ व्या शतकाच्या मध्यास सतार व तंबोरा घडविण्याचा उद्योग आरंभिला, अशी परंपरा आहे. आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला. वाद्याच्या लाकडावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे हात देऊन जी झळाळी आणतात, ती जिल्हईच होय. पोलाद जाऊन लाकूड आले, पण घासण्याची शिस्त हातात राहिली. एका हत्यारावरची विद्या दुसऱ्या वस्तूवर जाऊ शकते, ह्याचा इतका ठळक दाखला ह्या प्रदेशात दुसरा नसावा.

३

दुसरी क्रिया संरक्षक थराची. तिच्यासाठी मराठीत ‘रोगण’ आहे. फारसीत ‘रौगन’ म्हणजे तेल, तूप, कोणताही स्निग्ध पदार्थ; मराठीत त्याचा अर्थ आकुंचित होऊन तो लाकडावर वा धातूवर द्यावयाच्या तेलकट लेपापुरता उरला. हा अर्थसंकोच कृतीस धरूनच आहे, कारण जुना लेप तेलाचाच असे. विलायतेतील आरंभीच्या मोटारींनाही घोडागाडीप्रमाणे तैलरंगाचे आणि वार्निशाचे हात ब्रशाने देत. ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर प्रचारात आणले. ते फवाऱ्याने देता येई आणि फार लवकर वाळे. आणि मोटारींच्या रंगांत वैविध्य आले.

‘लॅकर’ हा शब्द मात्र आपलाच होय. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, त्यावरून ‘लाख’. हाच शब्द व्यापाराबरोबर पश्चिमेस जाऊन लॅक, लॅकर अशी रूपे पावला. परंतु येथेच सावध राहावयास हवे. ड्युकोमध्ये लाख नव्हती. नाव हिंदुस्थानचे, द्रव्य अमेरिकेच्या कारखान्यातले. तेव्हा ‘लॅकर आमचेच’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शब्दाच्या साक्षीवर निकाल देऊन मोकळे होणे होय. कुरुंदाच्या बाबतीत शब्द आणि द्रव्य दोन्ही टिकली. लाखेच्या बाबतीत शब्द गेला, द्रव्य मागे राहिले. व्युत्पत्तीच्या अभिमानाला ही मर्यादा नेहमीच असते.

४

तिसरी क्रिया कातड्याची, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत अवघड. ‘कातडे कमावणे’ ह्या प्रयोगातील क्रियापद संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ ह्यांवरून आलेले. शरीर कमावणे, पैसा कमावणे, कातडे कमावणे : तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना श्रमाचीच. भाषेने ह्या श्रमांस एकाच पंक्तीत बसविले. समाजाने बसविले नाही. बाभळीची साल, तरवड, हिरडा ह्यांतील तुरट द्रव्याने कातडे कमावणारा ढोर आणि त्याच्या वस्तू करणारा चांभार ह्यांना गावाने अस्पृश्य ठरविले. खोगीर करणारा तो ‘जीनगर’, फारसी ‘जीन’ म्हणजे खोगीर; त्याचे स्थान तुलनेने वरचे, तरी त्यावरही वाद होतेच. सरदाराची मांड ज्या कातड्यावर पक्की बसे, ते कमावणाऱ्याला त्याच्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. ह्या विद्येची परिभाषा लेखनात विरळ आढळते, ह्याचे एक कारण हेच मानावयास हरकत नाही : जाणणारांना लेखणी नाकारलेली होती, आणि लेखणी बाळगणारांना जाणण्याची गरज नव्हती. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये जो भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच्या क्षेत्रात सातारा व सांगली हे जिल्हेही आहेत. ही त्या श्रमाची उशिराची का होईना, नोंद होय.

ही विद्या मोटारीच्या बैठकीस कितपत लागू पडते? अंशतः. वनस्पतिद्रव्यांनी कमावलेले जुने कातडे तेल पिते. आजच्या बैठकांचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असून त्यावर रंगाचा पातळ लेप असतो. त्यावर तेल चोळले तर ते आत न मुरता वर राहते आणि धूळ धरते. तेथे सौम्य साबणाचे ओलसर फडके अधिक उपयोगी. मात्र जुना नियम जेथे अजून खरा ठरतो, असा प्रसंग सांगलीने पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि असंख्य वाहने पाण्यात राहिली. भिजलेले कातडे कडक उन्हात वा आगीजवळ वाळविले की आकसते व ताठरते. ते सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवावे, हा खोगीर सांभाळणारांचा नियम. कातडे कसेही कमावलेले असो, मूळ तंतू तोच असल्याने तो मोटारीच्या बैठकीसही लागू पडतो.

५

एकूण विचार करता, विद्या सर्वस्वी परकी हा समज टिकत नाही, आणि ती सर्वस्वी देशी हेही म्हणता येत नाही. घासण्याचे तत्त्व येथे होते. थराचे रसायन नवे आहे. कातड्याची विद्या होती, पण तिच्या धन्यांना मान नव्हता. ‘डीटेलिंग’ ह्या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधील ‘कापून तुकडे करणे’ ही कल्पना आहे. एकेका बारीक तपशिलाकडे लक्ष देणे हा त्याचा पुढचा अर्थ. आपल्या ‘निगा’ ह्या शब्दाच्या मुळाशी फारसी ‘निगाह’, म्हणजे दृष्टी आहे. ‘निगा राखणे’ म्हणजे नजर ठेवणे. ह्या कामास ह्याहून समर्पक नाव शोधण्याची गरज नाही.

खंडेनवमीस पूर्वी उजळलेली शस्त्रे मांडीत. आता त्याच दिवशी धुतलेल्या मोटारींना झेंडूच्या माळा घालतात. गॅरेजांत अजून ‘लांबी भरणे’, ‘हात देणे’, ‘पॉलिश पेपर मारणे’ हे प्रयोग कानी पडतात. ते कोणत्याही कोशात पुरते आलेले नाहीत, आणि यंत्रे व छापील सूचना येतील तसे ते मागे पडतील. ह्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन मिरजेच्या वाद्यकारांकडे, कराड-सांगलीच्या रंगाऱ्यांकडे आणि चर्मकारांकडे जावे. मागच्या पिढ्यांच्या लेखणीने जे टिपले नाही, ते टिपण्याची ही वेळ आहे. आणि टिपताना शब्दाबरोबर तो उच्चारणाऱ्याचे नावही त्याच्या संमतीने लिहून घ्यावे.