तीच की तशीच?

घरातल्या सायकलची आधी चेन बदलली, मग टायर, मग सीट, आणि एके दिवशी चौकटही. आता सायकल तीच का? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. तास संपेल, वाद संपणार नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल असेच विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? रथ हे या साऱ्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव, असे तेथे उत्तर निघते.

तत्त्वज्ञाचे एवढ्यावर भागते, न्यायाधीशाचे भागत नाही. १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न एका मोटारीच्या रूपाने आला. मोटारीचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला होता आणि ऐन वेळी खरेदीदार म्हणू लागला की ही ती मोटार नव्हेच.

मोटार होती बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’. इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे साडेसहा लिटरचे. टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते, ती या गाडीने १९२९ साली वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या हाती आणि १९३० साली बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या हाती जिंकली. शर्यतीची मोटार म्हणजे काही संग्रहालयातली मूर्ती नव्हे. प्रत्येक हंगामात तिचे भाग झिजत, मोडत, बदलले जात. १९३२ पर्यंत तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले होते. त्या वर्षी ब्रुकलँड्सच्या कलत्या धावपट्टीवरून ती कड्याबाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली, वर बंद छपराचे नवे अंग चढले. पुढे कित्येक वर्षांनी ते काढून पुन्हा उघडे अंग बसवण्यात आले.

न्या. ऑटन यांनी भागांचा हिशेब मांडला. १९२९ च्या गाडीचे म्हणता येईल असे किरकोळ जोडसामान सोडून काहीच उरले नव्हते, १९३० च्या गाडीचेही मोजकेच भाग उरले होते. सांगाडा, पुढचा आस, इंजिन असे मोठे भाग १९३२ च्या गाडीचे होते. म्हणून तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. तरीही ती अस्सल आहे, असा निकाल त्यांनी दिला. नवे भाग हळूहळू येत गेले, गाडी कधीही मोडीत निघून दुसरी झाली नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. विकला जात होता तो धातूबरोबर इतिहासही. प्रयोगशाळेत दिवस घालवणाऱ्या आम्हांला हा निकाल पटायला जरा वेळ लागला, पण पटला. आपल्या शरीरातले अणू बदलत राहतात म्हणून शाळेच्या दाखल्यावरचे नाव कोणी बदलत नाही.

या वादात प्रयोगशाळेची मदत किती? थोडी होते. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कोणी घासून काढला, तरी ठोक्याखालचे धातूचे स्फटिक दबलेलेच राहतात. आम्ल लावल्यावर त्या जागी धातू वेगळ्या वेगाने खाल्ला जातो आणि आकडा पुन्हा दिसू लागतो. पण १९२९ च्याच दुसऱ्या एखाद्या बेंटलीचा आस आणून जोडला, तर त्याचे वयही तेवढेच निघणार. पोलाद जुने आहे हे फार तर सांगता येईल. ते कुठल्या गाडीबरोबर ल मांला धावले, हे पोलाद सांगत नाही. तेथे छायाचित्रे, कारखान्याच्या नोंदवह्या आणि खरेदीच्या पावत्याच बोलतात.

जुन्या मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्यांनी या गुंत्यातून एक शहाणपणाची वाट काढली आहे. इंग्लंडमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ साली निघाला. ‘व्हिंटेज’ म्हणजे १९३० अखेरपर्यंत बनलेली गाडी, ही तेथे रुळलेली मर्यादा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमावलीतले ‘परिशिष्ट के’ गाड्यांची कालखंडांनुसार विभागणी करते. १९१९ ते १९३० हा ‘सी’ कालखंड. महासंघ गाडीला तांत्रिक पारपत्र देतो, पण ते फक्त एवढेच सांगते की ही गाडी त्या काळी शर्यतीत असलेल्या गाडीसारखी बांधलेली आहे. ती तीच गाडी आहे, अशी हमी ते देत नाही. म्हणजे ‘तीच का?’ हा प्रश्न बाजाराकडे आणि न्यायालयाकडे सोडून शर्यतवाल्यांनी ‘तशीच का?’ एवढेच विचारायचे ठरवले. पुरावा द्यायचा तो मालकाने.

‘तशीच’ हेही सोपे नाही. त्या काळची रचना आणि त्याच जातीचे साहित्य, असा आग्रह धरता येतो. पण पोलाद या एका शब्दात किती पोलादे बसतात! आजचे मिश्रपोलाद अधिक स्वच्छ आणि अधिक चिवट असते. त्याचे दांडे त्याच आराखड्याप्रमाणे घडवले, तरी इंजिन मिनिटाला अधिक फेरे सहन करते. म्हणूनच कित्येक जुन्या गाड्या आज त्यांच्या तारुण्यातल्यापेक्षा वेगाने पळतात. यात फसवणूक कोठे सुरू होते, यावर परीक्षकांचेही एकमत होत नाही.

उलट जुनाच भाग ठेवावा, तर धातू थकलेला. वारंवार वाकण्याने पोलादात केसाएवढी चीर पडते, ती प्रत्येक वळणावर किंचित वाढते आणि एखाद्या दिवशी आस सरळ तुटतो. म्हणून सावध मालक चाकांचे व सुकाणूचे भाग उतरवून तपासतात: भाग चुंबकित करायचा, त्यावर लोहचूर्ण टाकायचे; चिरेवर ते रेघ धरून बसते. (शाळेतल्या पट्टीचुंबकाचा प्रयोग तो हाच.) चीर दिसली, तर मालकापुढे पेच उभा राहतो. भाग बदलला की गाडी थोडी कमी ‘मूळ’ होते. न बदलावा, तर चालकाचा जीव जाऊ शकतो. आमच्या मते येथे विचार करण्यासारखे काही नाही, भाग बदलावा. बरेच मालकही तेच करतात, आणि काढलेला भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठीसकट कपाटात ठेवतात. काहींचे तर मूळ इंजिनच घरी असते आणि नवे घडवलेले इंजिन शर्यतीला जाते.