उपदेशाकडून संवादाकडे

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपल्याला दोन साधने आठवतात : कायदा आणि उपदेश. इतिहास मात्र तिसऱ्याच साधनाकडे बोट दाखवतो.

अमेरिकेने कायदा करून पाहिला. १९२० च्या जानेवारीत तेथे देशभर दारूबंदी आली. १९३३ च्या डिसेंबरात ती उठली. पुढच्याच वर्षी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस दारूपायी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाला. तेथील डॉ. सिल्कवर्थ मद्यासक्तीला रोग मानीत. बरा होताच विल्सनने इतर मद्यपींना उपदेश करण्याचा सपाटा लावला. महिनेच्या महिने खपूनही त्यांतला एकही सुधारेना. तेव्हा सिल्कवर्थांनी त्याला बजावले, की प्रवचन पुरे. आधी या रोगाची हकीकत सांग.

मे १९३५ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन गावी विल्सनचा एक व्यवहार फसला. हॉटेलातले मद्यगृह समोरच होते. त्या मोहाच्या घडीला त्याने बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. ते होते शस्त्रवैद्य रॉबर्ट स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले स्मिथ कित्येक तास बसले, कारण समोरचा माणूस त्यांना काही शिकवीत नव्हता, स्वतःचेच सांगत होता. स्मिथ पुढे एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर, १९५० साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संस्था तोच आपला जन्मदिवस मानते.

या अनुभवाला मानसशास्त्राची जोड पुढे मिळाली. १९८३ साली विल्यम मिलर यांनी दाखवून दिले, की वाद घातला तर रोगी पिण्याचीच वकिली करतो. नीट ऐकून नेमके विचारले, तर दारू सोडण्याची कारणे तो स्वतःच सांगू लागतो. आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. तेथेही समुपदेशनाला व गटचर्चेला महत्त्वाचे स्थान मिळाले आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच समुपदेशक झाली.

औषधाचे महत्त्व याने उणावत नाही. जुन्या मद्यपीने दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. तेथे वैद्यच हवा. पण शरीराचा कंप थांबल्यावर मनाचा प्रश्न उरतोच. अशा माणसाला चार शब्द सुनावणारे गावात पुष्कळ असतात. त्याचे चार शब्द ऐकून घेणारा मिळणे हीच उपचाराची सुरुवात होय, असे आम्हांस वाटते.